मानेवरचा डाग जातो आणि परत येतो: रोल-ऑन, लिंबू आणि डावीकडची खिडकी

आधी डाग कसा होता ते सांगते, कारण तुमचा तसा नसेल तर पुढचं वाचण्यात वेळ घालवू नका. मानेच्या डाव्या बाजूला, कानाच्या पाळीखाली दोन बोटांवर सुरू होऊन गळ्याच्या हाडाकडे उतरणारा तपकिरी ओघळ. वर रुंद, खाली निमुळता, टोकाला थेंबासारखा गोल. कपाच्या कडेवरून चहा ओघळून वाळावा तसा. खाज नाही. पहिले दोन दिवस थोडी लाली आणि चुरचुर, मग लाली उतरायची आणि रंग चढायचा. दुसरा डाग लहान, डाव्या मनगटाच्या आतल्या बाजूला. दीड-दोन महिन्यांत फिका पडायचा आणि आता गेला म्हणेपर्यंत नवा हजर. वर्षभरात चार वेळा.

मी ठाण्यात पाचपाखाडीला राहते, नोकरी नवी मुंबईत महाप्याला. घरी साबण, तेलं, लिपबाम करायचा नाद आहे. हा नाद इथे महत्त्वाचा आहे, पण तो महत्त्वाचा आहे हे कळायला मला दहा महिने लागले.

तोवर जे जे केलं ते आधी सांगून टाकते. गळ्यातली चेन काढली, कारण शेजारच्या वहिनी म्हणाल्या पितळ मिसळलेलं असेल. डाग आला. काळी ओढणी बंद केली, रंग जात असेल म्हणून. डाग आला. केसांचा डाय बदलला. साबण बदलला, म्हणजे स्वतःच केलेला साबण सोडून बाजारचा आणला, आणि तो अपमान वेगळाच. मग सासूबाईंनी शंका काढली, ‘मान काळी पडते म्हणजे साखर असेल.’ ही शंका अगदी चुकीची नव्हती. शरीरात इन्सुलिन नीट काम करत नसलं की मान काळवंडते. पण ती कातडी जाड, मखमलीसारखी होते, मानेला सगळीकडून वेढते आणि बहुतेकदा काखेतही दिसते. माझा होता एका बाजूचा ओघळ. तरी साखर तपासून घेतली. नॉर्मल.

या सगळ्यात एक चूक समान होती. डाग ज्या दिवशी दिसला, त्या दिवशी काय वेगळं केलं ते मी शोधत होते. आणि हा डाग उशिरा येतो. ऊन लागल्यावर लाली यायला एक दिवस जातो, ती सगळ्यात जास्त होते दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, आणि काळपटपणा त्याच्याही नंतर. सोमवारी घडलेल्या गोष्टीचा जाब मी गुरुवारच्या ओढणीला विचारत होते.

शेवटी नौपाड्यातल्या एका त्वचारोगतज्ज्ञ बाईंकडे गेले. त्यांनी डाग पाहिला, भिंग लावलं आणि विचारलं, ‘अत्तर लावता?’

‘नाही हो. परफ्यूम मला चालतच नाही, डोकं दुखतं.’

‘मग मानेला काय लावता?’

‘काही नाही. म्हणजे… घरी केलेलं रोल-ऑन. पूर्ण नैसर्गिक आहे.’

‘कसं लावता, दाखवा.’

मी नसलेली बाटली उजव्या हातात धरली आणि हात आपोआप डाव्या कानाखाली गेला. तिथून खाली. मग डाव्या मनगटावर. बाई काही बोलल्या नाहीत, नुसता आरसा पुढे केला. माझं बोट डागावरूनच उतरत होतं.

रोल-ऑनमध्ये होतं खोबऱ्याचं न गोठणारं तेल आणि बर्गमॉट. बर्गमॉट म्हणजे इटलीच्या दक्षिण टोकाला, कॅलाब्रियात पिकणारं एक आंबट फळ. अर्ल ग्रे चहाला जो वास असतो तो याच्या सालीचा. ही साल दाबून तेल काढतात आणि त्या तेलात बर्गाप्टेन नावाचं द्रव्य उतरतं. ते फ्युरोकूमरिन या कुळातलं. अंधारात ते कातडीवर निवांत पडून असतं. त्याच्यावर उन्हातले यूव्हीए किरण पडले, म्हणजे साधारण ३२० ते ४०० नॅनोमीटर लांबीचे, की ते पेशीच्या डीएनएला चिकटून बसतं. पेशी मरते, कातडी भाजल्यासारखी लाल होते, जास्त झालं तर फोड येतात, आणि मग शरीर त्या जागी रंगद्रव्य ओततं. ही अ‍ॅलर्जी नाही. ‘मला सोसतं’ किंवा ‘माझी कातडी जाड आहे’ या गोष्टींचा इथे संबंध नाही. पुरेसं तेल आणि पुरेसं ऊन एकत्र आलं की कोणालाही, पहिल्याच वेळी होऊ शकतं.

हे काही नवीन नाही. १९१६ मध्ये फ्रॉइंड नावाच्या डॉक्टरांनी बर्गमॉट घातलेलं कोलन आणि ऊन यांमुळे पडणाऱ्या अशा डागांची नोंद केली होती. (मानसशास्त्रवाले फ्रॉइड वेगळे.) १९२५ मध्ये रोझेंथाल यांनी त्याला ‘बर्लोक’ हे नाव दिलं, फ्रेंचमधल्या लटकनाच्या शब्दावरून. गळ्यात पेंडंट लोंबावं तसा दिसतो म्हणून. शंभर वर्षांपूर्वी माझ्या डागाचं चित्र कोणीतरी काढून ठेवलं होतं आणि मी चेनला दोष देत होते.

एक कोडं मात्र सुटत नव्हतं. रोल-ऑन मी घाईत कधी कधी उजव्या बाजूलाही लावायचे. मग उजवी मान साफ कशी?

याचं उत्तर ठाण्याच्या १० नंबर फलाटावर मिळालं. ट्रान्स-हार्बरची, म्हणजे नवी मुंबईकडे जाणारी लोकल ठाण्यातून सुटते, त्यामुळे सकाळी थोडी चपळाई केली तर खिडकी मिळते, आणि माझी खिडकी ठरलेली, डावीकडची. गाडी ऐरोली, रबाळे, घणसोली करत दक्षिणेला जाते. म्हणजे डावीकडे पूर्व. साडेआठला पारसिकच्या डोंगरावरून सूर्य चांगला वर आलेला असतो आणि मी उतरते त्या कोपरखैरण्यापर्यंत थेट मानेवर. संध्याकाळी गाडी उत्तरेला परत येते, तेव्हा डावीकडे पश्चिम, आणि मी वाऱ्यासाठी डावीकडच्याच दारापाशी उभी. जाताना डावी, येताना डावी. उजव्या मानेला ऊन लागतच नव्हतं. इतकी वर्षं जातेय, हे कधी डोक्यात आलं नव्हतं.

तुमचं गणित वेगळं असेल. गाडी चालवणाऱ्यांचा उजवा हात खिडकीशी असतो, आणि ‘काच बंद होती’ हे कारण इथे टिकत नाही. भाजणारे यूव्हीबी किरण साध्या काचेत अडतात, यूव्हीए बऱ्याच प्रमाणात आत येतात. समोरची काच थरांची असते, ती पुष्कळ अडवते. बाजूची तशी नसते. ढगांचंही तेच. माझा तिसरा डाग जूनअखेरीचा, आभाळ भरलेलं असताना आलेला, आणि त्यामुळेच उन्हाचा संशय मी यादीतून काढून टाकला होता. शिवाय आपल्याकडचा दमटपणा. घामाने भिजलेली कातडी असली द्रव्यं जास्त शोषते.

आता थेंबांचा हिशोब, कारण खरी चूक तिथे होती. मी काही अंधाधुंद माणूस नाही. इसेन्शियल ऑइल, म्हणजे वनस्पतीतून काढलेलं तीव्र सुगंधी तेल, थेट लावायचं नाही, पातळ करायचं, हे मला माहीत होतं आणि मी केलं होतं. पण ‘दोन-चार टक्के चालतं’ हा नियम मी सगळ्या तेलांना सरसकट लावला. इफ्रा या आंतरराष्ट्रीय सुगंध संघटनेने उन्हात जाणाऱ्या, न धुतल्या जाणाऱ्या कातडीसाठी दाबून काढलेल्या बर्गमॉटची मर्यादा ठेवली आहे ०.४ टक्के. ड्रॉपरप्रमाणे फरक पडतो, पण ढोबळमानाने १ मिली म्हणजे २० थेंब. माझी बाटली १० मिलीची, म्हणजे २०० थेंब. त्याचे ०.४ टक्के म्हणजे ०.८ थेंब. अख्खा एक थेंबसुद्धा नाही! आणि मी घालत होते आठ. दसपट.

वर्षात चार वेळा का, तेही इथेच उलगडलं. बाटली लहान, ती संपली की पुढचे काही आठवडे कंटाळा. डाग फिका. मग एखाद्या रविवारी नवी बाटली भरायची, आणि बुधवार-गुरुवारी डाग ताजा. ठिणगी पडायची रविवारी, धूर दिसायचा गुरुवारी.

‘पॅच टेस्ट केली नव्हतीस का?’ असं मैत्रिणीने विचारलं. केली होती. कोपराच्या आतल्या बाजूला थेंब लावून, बाहीखाली झाकून, चोवीस तास. काही झालं नाही. होणारच नव्हतं, तिथे ऊन कुठे होतं? घरगुती पॅच टेस्ट अ‍ॅलर्जी आणि जळजळ पकडते, हे पकडत नाही. आणि म्हणून आता थेंब लावून उन्हात बसून बघू, असलं काही करू नका.

कुठल्या बाटलीला भ्यायचं

सगळ्याच तेलांना नाही. लॅव्हेंडर, टी ट्री, गवती चहा, चंदन, खस, गुलाब यांचा उन्हाशी असा वैरभाव नाही. (गवती चहा आणि दालचिनी जास्त झाली तर कातडी चिडते, पण ती वेगळी भानगड, ती सावलीतही होते.) गोची आहे ती साल दाबून काढलेल्या काही आंबट फळांची. इफ्राच्या मर्यादा अशा: लेमन २ टक्क्यांपर्यंत, कडू संत्र्याचं १.२५, ग्रेपफ्रूट ४, लाइम ०.७. आंबट फळांबाहेरची दोन नावं लक्षात ठेवण्यासारखी: अँजेलिकाच्या मुळाचं तेल ०.८ आणि जिऱ्याचं ०.४. हो, आपलंच जिरं. फोडणीत घाला हवं तितकं, पण जिऱ्याचं इसेन्शियल ऑइल पोटावर चोळून पोहायला जाऊ नका. आणि दोन-तीन तेलं एकत्र केली तर प्रत्येकाला पूर्ण मर्यादा मिळत नाही. लेमन २ टक्के घातलं तर बर्गमॉटचा वाटा तिथेच संपला.

गंमत अशी की तेच लेमन किंवा लाइम वाफेवर काढलेलं असेल तर हा त्रास नाही. फ्युरोकूमरिन जड असतात, वाफेबरोबर वर येत नाहीत, खालीच राहतात. गोड संत्रं आणि मँडरिन दाबून काढलं तरी या यादीत येत नाही, आणि आपलं नागपुरी संत्रं हे मँडरिनच्याच जातीचं. बर्गमॉटही बर्गाप्टेन काढून टाकलेलं मिळतं, बाटलीवर ‘एफसीएफ’ असं लिहिलेलं असतं.

पण हे सगळं बाटलीवर लिहिलेलं हवं ना. मी स्टेशनजवळच्या ज्या दुकानातून तेलं घेत होते तिथे विचारलं, ‘दादा, हे लेमन दाबून काढलेलं की वाफेवर?’ ते म्हणाले, ‘ताई, हे शंभर टक्के प्युअर आहे.’ तीनदा विचारलं, तीनदा प्युअर. प्युअर असणं हाच तर प्रश्न होता. तेव्हापासून माझा नियम साधा आहे. आंबट फळाच्या बाटलीवर काढण्याची पद्धत लिहिलेली नसेल तर ती दाबून काढलेली समजायची. तिचा उपयोग साबणात, कारण तो धुतला जातो, किंवा खोलीत वास पसरवणाऱ्या डिफ्यूजरमध्ये. अंगावर राहणाऱ्या कशातही नाही.

औषधच दुखणं झालं ते

हे सांगायला लाज वाटते, पण चारपैकी एक डाग रोल-ऑनचा नव्हताच. दुसऱ्या वेळचा डाग फिका पडत होता, बाटली संपलेली होती. मान उजळावी म्हणून मी बेसन-लिंबू चोळलं. पुन्हा दोन दिवसांनी अर्धं लिंबूच घासलं, सालीसकट, ‘साल जास्त गुणकारी’ म्हणून. धुतलं, म्हणजे पाण्याने खळबळलं, आणि भर दुपारी जांभळी नाक्यावर बाजाराला गेले. डाग रुंदावला. मी म्हटलं, आतला मळ बाहेर येतोय. काय काय समजूत काढतो माणूस स्वतःची!

आपण ज्याला लिंबू म्हणतो ते कागदी लिंबू. इंग्रजीत ते लेमन नाही, लाइम. वरच्या आकड्यांत लाइमची मर्यादा लेमनपेक्षा किती खाली आहे ते बघा. फ्युरोकूमरिन रसापेक्षा सालीत जास्त असतात आणि लिंबू पिळताना साल दाबली जातेच. काळी मान, काळे कोपर, काळे गुडघे यांवर लिंबू चोळायचा सल्ला घरोघरी आहे. चोळून उन्हात गेलात तर काळं करायचाच तो उपाय आहे.

आणि लहान मुलं. उन्हाळ्यात आमच्या सोसायटीच्या पोहण्याच्या तलावाकाठी जाऊबाई सरबतासाठी लिंबं पिळत होत्या. तेवढ्यात पोरगं घसरलं, त्यांनी तसंच दंडाला धरून उचललं. तीन दिवसांनी दंडावर चार बोटांचे तपकिरी वळ. शाळेतून फोन आला, ‘घरी कोणी मारतं का?’ शाळेतल्या बाईंचं चुकलं नाही, दिसायला मुकामारच वाटतो. माझ्या मानेचं निदान तोवर झालेलं होतं म्हणून उलगडा झाला, नाहीतर त्या घरात रामायण घडलं असतं. लिंबं पिळून झाली की साबणाने हात धुवा, नखांसकट, आणि मगच बाहेर या. अंजिराचा चीकही असाच, ज्यांच्या परसात झाड आहे त्यांनी सांभाळावं.

बावचीच्या तेलाबद्दलही सांगायला हवं, कारण ते आयुर्वेदिक दुकानात सहज मिळतं आणि ‘डागांवर चांगलं’ म्हणून दिलं जातं. बावचीत सोरालेन असतं, बर्गाप्टेनच्याच कुळातलं. कोडावर त्याचा उपयोग होतो तो कातडीत रंग आणण्यासाठी. डॉक्टर सोरालेन आणि यूव्हीए मोजून-मापून देतात, ती उपचारपद्धत वेगळी. आपल्याला हवाय रंग घालवायला, आणि हे रंग चढवायचं औषध. मानेवरच्या डागाला बावची लावून उन्हात जाणं म्हणजे आगीत तेल, शब्दशः.

लागलंच तर

उन्हात जायच्या आधी लक्षात आलं तर लगेच साबणाने धुवा. नुसत्या पाण्याने तेल निघत नाही. निघालं तरी थोडं आत मुरलेलं असतं, म्हणून तो भाग निदान १२ तास, जमलं तर १८, कपड्याखाली ठेवा. रात्री लावलं आणि सकाळी उशिरा बाहेर पडलात तर धोका बराच कमी. सकाळी लावून लोकल पकडली तर सगळ्यात वाईट.

ऊन लागून गेलं असेल तर गार पाण्याची पट्टी, आणि ती जागा झाकून सावलीत. फोड आले तर फोडू नका, डॉक्टरांना दाखवा. लाली उतरून तपकिरी डाग राहिला की तिथून पुढे औषधापेक्षा धीर जास्त लागतो. काही आठवडे ते काही महिने. माझ्या डॉक्टरांनी सनस्क्रीन दिलं आणि बजावलं की बाटलीवरचा एसपीएफचा आकडा मुख्यतः यूव्हीबीचा, यूव्हीएसाठी ‘पीए’ आणि पुढच्या अधिकच्या खुणा बघायच्या. मात्र खाली बर्गमॉट आणि वर सनस्क्रीन, हा जुगाड करू नका. घामात ते किती टिकतं हे कोपरखैरण्याला उतरणाऱ्या कोणालाही विचारा.

गोरं करायच्या मिश्र ट्यूब केमिस्टकडून आणून लावू नका. त्यांत बहुतेकदा स्टेरॉइड असतं, कातडी पातळ होते आणि मग खरोखरच उन्हाला भ्यायची वेळ येते.

आणि सगळेच डाग उन्हाचे नसतात. पावसाळ्यात रात्री ट्यूबलाइटभोवती काळा-केशरी लांबट किडा येतो, तो मानेवर चिरडला गेला की आगीसारखा चट्टा उठतो, तोही ओघळासारखा. पण तो बहुतेकदा सकाळी उठल्यावर दिसतो, जळजळ खूप असते आणि उन्हाचा संबंध नसतो. एका बाजूला पट्ट्यात पुरळ आणि आत ठणका असेल तर नागीण असू शकते, तिथे दिवस घालवू नका.

मला आता आठ महिने झाले, नवा डाग नाही. जुना शोधला तर दिसतो, आरशात मान वाकडी करून. रोल-ऑन अजून करते, लॅव्हेंडर आणि खसचं. बर्गमॉटची उरलेली बाटली साबणात संपवली. खिडकी मात्र डावीकडचीच. उजवीकडे बसून पाहिलं दोन दिवस, पण डोंगर दिसत नाही.